मदत हवी आहे: तिठ्याचा चौक कधी झाला, कसं शोधायचं? (वेंगुर्ले)

तिठ्यावरचा:
बाजारातल्या एका चौकात माहितीफलक लावायचा आहे. नामकरणाचा नगरपरिषदेचा ठराव मिळाला, पण जुनी माणसं त्या जागेला अजून तिठाच (तीन रस्ते मिळतात ती जागा) म्हणतात. चौथा रस्ता कधी फुटला, दुकानं किती मागे सरली, हे कुठल्या कागदात सापडेल? सावंतवाडी संस्थानचं दप्तर बघू का?

मोजणीदार:
ठरावाची तारीख ही नावाची, जागेची नव्हे. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात जा. रस्त्याला सहसा नगर भूमापन क्रमांक (सिटी सर्व्हे नंबर) नसतो, त्यामुळे 'चौकाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) द्या' म्हणालात तर हात हलवत परत याल. कोपऱ्यांवरच्या दुकानांचे क्रमांक काढा आणि त्यांच्या पत्रिका, चौकशी नोंदवहीचा (शहर मोजणीवेळी मालकी ठरवली त्या वहीचा) उतारा, मूळ नकाशाची नक्कल मागा. पत्रिकेत क्षेत्र घटलेलं दिसलं की त्या नोंदीचा दिनांक टिपा. नोंद बऱ्याचदा उशिरा पडते, म्हणून 'या तारखेच्या आधी' एवढंच धरा. आणि नकाशाच्या झेरॉक्सवर पट्टी लावून मोजू नका, झेरॉक्समध्ये नकाशा आकसतो. एक इंचाला ४० फूट प्रमाण असेल तर पाव इंच चुकला की १० फूट गेले, म्हणजे अख्खा गाळा!

बंदरवाट:
संस्थानात शोधू नका. वेंगुर्ले १८१२ सालीच सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, तेव्हा त्याआधीच्या फायलींसाठी रत्नागिरीच्या अभिलेख कक्षातही अर्ज टाका. १८८० च्या गॅझेटियरात बंदर आणि व्यापार मिळेल, तुमचा तिठा मिळेलसं वाटत नाही. जुन्या फोटोत पाटीवर 'जि. सिंधुदुर्ग' असेल तर फोटो १९८१ नंतरचा. उलट मात्र धरू नका, 'जि. रत्नागिरी'च्या पाट्या नंतरही वर्षानुवर्षं तशाच लटकत राहतात.

जांभाचिरा:
कागदाआधी बोळात शिरून दुकानांच्या बाजूच्या भिंती बघा. बाजूला जांभा आणि दर्शनी भिंत तेवढी सिमेंटची, वर कौलांचं पाखं (छपराची उतरती बाजू) मध्येच तोडलेलं, तर पुढची पडवी रस्त्यात गेली समजा. जोत्याच्या पायऱ्याही मोजा, पण जपून. डांबराचे थर चढून खालच्या एकदोन गाडल्या गेलेल्या असतात, त्यावरून जोतं बुटकं होतं असं ठरवू नका.

तिठ्यावरचा:
पश्चिमेकडच्या दोन गाळ्यांचं अगदी असंच आहे, पाखंसुद्धा तुटकं. आधी त्यांचेच क्रमांक काढतो.