जत्रेत कुठला रस्ता बंद हे घरोघरी कळतं, मग आराखड्याचा नकाशा का कळत नाही?

हद्दवाढकर (धागा यांनी सुरू केला)

मुद्दा सरळच मांडतो. सोलापूर महापालिकेकडून लोकांपर्यंत जी माहिती येते, तीत उद्घाटनं, सत्कार आणि कार्यक्रम मागं राहिले तरी चालेल. पण विकास आराखड्यात कुठल्या जागेवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडतंय, कुठला रस्ता किती रुंद होणार, हरकत घ्यायची मुदत कधी संपतेय, हे आधी यायला पाहिजे. तेही प्रत्येक प्रभागात, वाचता येईल अशा भाषेत.

वडिलांनी आयुष्यभर यंत्रमागावर पाळ्या केल्या आणि साठवलेल्या पैशातून हद्दवाढ भागात दोन गुंठे घेतले. घर बांधायला कर्ज काढायचं ठरलं म्हणून झोन दाखला (आराखड्यात ती जागा कशासाठी ठेवलीय ते सांगणारा कागद) आणि त्या भागाचा नकाशा, म्हणजे भाग नकाशा काढला. टेबलावर कागद उलगडला, तर आमच्या गट नंबरावर हिरवा रंग. खेळाचं मैदान. वडिलांनी बोट ठेवलं आणि ‘हे आपलंच काय?’ असं दोनदा विचारलं. परत येताना गाडीवर एक शब्द बोलले नाहीत. विकणाऱ्यानं आरक्षणाचं सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. जागा घेण्याआधी असं काही विचारायचं असतं, हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध झाला की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकती घ्यायला 30 दिवस मिळतात. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर साडेनऊ लाखांचं होतं. एवढ्या लोकांनी तीस दिवसांत, छापील सूचना बघून, आपला सर्व्हे नंबर शोधायचा!

आता जानेवारी आठवा. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. तैलाभिषेक कधी, अक्षता कधी, होमप्रदीपन कधी, शोभेच्या दारूकामाला गाडी कुठं लावायची, हे रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे माहिती पोचवता येते. मग आराखड्याची पण तशीच पोचवा.

गड्ड्यातला

मालक, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण ‘कार्यक्रम मागं राहिले तरी चालेल’ हे वाक्य मला मान्य नाही.

आमच्या घरात तिसरी पिढी गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या होम मैदानावरच्या जत्रेत, खेळण्यांचा स्टॉल लावते. डिसेंबरात माल उचलताना व्यापाऱ्याला आगाऊ पैसे द्यावे लागतात. जागावाटप कधी, भाडं किती, वीज कुठून घ्यायची, पाळणे कुठल्या बाजूला, गर्दी कुठल्या दारानं आत येणार, यावर आमचा पुढच्या सहा महिन्यांचा किराणा ठरतो. तुम्हाला ती जत्रेची बातमी वाटते. आम्हाला तो बाजारभाव आहे. भगरवाला, फुगेवाला, उसाचा रस काढणारा, शेंगा विकणारी बाई, सगळ्यांचं तेच.

आणि नियोजन वेगळं, कार्यक्रम वेगळा, असं निदान सोलापुरात तरी करता येत नाही. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं आणि पुढं त्याच योजनेतून होम मैदानाचं काम झालं. मैदानाला कडा कुठं बांधायची, दार कुठं ठेवायचं हा नकाशावरचा निर्णय. त्यावर स्टॉल किती बसणार हे ठरतं. सांगा, याला नियोजन म्हणायचं की जत्रा?

लाईन-लेव्हल

मी बांधकाम परवानग्यांची कामं करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. माहिती दडवली जाते हा समज चुकीचा आहे. सूचना निघते, नकाशा लावला जातो, मुदत असते, हरकत घेणाऱ्याची सुनावणी होते. मी अशा सुनावण्यांना बसलोय. तिथं येतात ते मोठ्या जागांचे मालक आणि त्यांचे वकील. दोन गुंठेवाला येतो तो दारात जेसीबी उभा राहिल्यावर. जागा घेताना झोन दाखला बघत नाहीत, मोजणी करत नाहीत, गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटमध्ये, नुसत्या स्टँपपेपरवर व्यवहार करतात आणि मग यंत्रणेला बोल लावतात. दाखल्याची फी जागेच्या किमतीपुढं काहीच नाही हो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आराखडा कच्चा असताना प्रत्येक रेघ जाहीर करत सुटलात तर काय होईल? ‘इकडून रिंगरोड जाणार’ एवढी कुजबुज झाली की आठ दिवसांत शेताचे भाव फिरतात. घाबरून शेतकरी स्वस्तात विकतो आणि दलाल घेतो. प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत गुप्तता पाळायची ती यासाठीच.

हद्दवाढकर

लाईन-लेव्हल साहेब, झोन दाखला आम्ही आधी काढायला पाहिजे होता. ती चूक आमचीच, मान्य.

पण कच्च्या रेघा जाहीर करा असं मी म्हणालोच नाही. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावरच्या तीस दिवसांबद्दल बोलतोय. आणि गुप्ततेमुळं दलाल अडतो हे पटत नाही. रस्त्याची रेघ दलालाला तुमच्या-माझ्या आधी कळते, हे या शहरात कोण नाकारेल? अंधारात राहतो तो विकणारा शेतकरी आणि घेणारा कामगार. सगळ्यांना एकाच दिवशी कळालं, तर दलालाकडं विकायला काय उरतं?

गड्ड्यातले दादा, तुमचं मात्र मान्य करतो. सत्काराचे फोटो आणि स्टॉलची जागा मी एका ओळीत बसवली, ते चुकलं.

पद्मशाली गल्ली

तुम्ही तिघंही जागेवर बोलताय. माझी आई भाड्याच्या खोलीत विड्या वळते. हजार विड्यांमागं मजुरी. तिला आरक्षणाचं काय?

तिला रोज एकच माहिती लागते, पाणी कधी. उजनी धरण ते सोलापूर सुमारे 110 किलोमीटरची, 170 एमएलडीची (रोज 170 दशलक्ष लिटरची) समांतर जलवाहिनी, हे आकडे आमच्या गल्लीतल्या पोरांना पण पाठ आहेत. पण आज सोडणार की उद्या, हे आई अजून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची सायकल बघून ओळखते. सायकल कोपऱ्यावर दिसली की मांडीवरचं सूप खाली ठेवायचं आणि घागरी काढायच्या. पाण्याच्या दिवशी दोनशे-तीनशे विड्या कमी होतात. आदल्या रात्री वेळ कळाली तर ती पहाटेच बसेल आणि मजुरी बुडणार नाही. मला विचाराल तर आर्थिक विकासाची पहिली बातमी ही.

भाषेचं पण बघा. पूर्व भागात घराघरात तेलुगू बोलतात, बाजूला कन्नड, पलीकडं उर्दू. ‘फेरबदल प्रस्तावित करण्यात येत असून’ हे मला मराठी शाळेत शिकूनही दोनदा वाचावं लागतं. मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाचा मार्ग सगळ्यांना कळतो, कारण तो माणसं माणसांना सांगतात. सूचनाही तशीच चौकात वाचून दाखवा.

आणखी एक. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. त्यातले काही तिथंच राहणारे होते. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कुणाच्या घरी रेडिओ लागला नाही. आमचे लोक रोज ज्या शेडमध्ये जातात, तिथं आगीच्या तपासणीचा दाखला आहे का, बाहेर पडायला दुसरं दार आहे का, ही यादी दारावर लागली पाहिजे. हे तर नियोजनच ना? मग त्यावर कुणीच का बोलत नाही?

होटगी रोड

आगीच्या यादीला माझा पाठिंबा, मी स्वतः टॉवेलच्या धंद्यात असूनही. दुसरं दार ठेवायला पैसा लागतो हे खरं, पण गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर तेही हल्ली हेच विचारतं.

मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. विमानतळासाठी 15 जून 2023 ला साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती सगळ्या गावानं बघितली. सप्टेंबर 2024 मध्ये उद्घाटन झालं. गोव्याचं पहिलं विमान उडालं ते 9 जून 2025 ला. चिमणी पडली त्या दिवसापासून विमान उडेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली आणि त्या काळात गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे कळत नव्हतं. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, माल चांगला आहे, पण ‘तुमच्या गावाला यायचं कसं’ याला उत्तर नाही. मोठ्या दिवसाची माहिती भरपूर येते, मधल्या दिवसांची येत नाही.

पद्मशाली गल्ली

मधले दिवस, बरोबर बोललात. कुंभारीच्या रे नगरात, कामगारांच्या घरकुल वसाहतीत, 19 जानेवारी 2024 ला पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या, तो दिवस सगळ्यांनी पडद्यावर पाहिला. माझ्या मावशीचं घर त्यातलंच. पक्कं घर मिळालं म्हणून ती रडली होती. पण तिथनं सकाळी कामाला पोचायला बस किती वाजता, हे तिला शेजारणीनं सांगितलं.

लाईन-लेव्हल

मी थोडं मागं येतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकांची. त्या काळात लोक माझ्याकडं यायचे ते रस्ता कुठनं जाणार एवढंच विचारायला, कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मला त्याची फी मिळायची. ती माहिती चौकात फुकट लागली असती तर बरं झालं असतं, हे मी मान्य करतो.

गुप्ततेचा मुद्दा मात्र सोडत नाही. आणि प्रत्येक प्रभागात नकाशा लावायचा तर तो समजावून सांगणारा माणूस पाहिजे. नुसता कागद लावून भिंत भरेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी नगररचनेचा एक माणूस विभागीय कार्यालयात बसवा, कामावरून सुटलेल्यांना जमेल अशा वेळी. तेवढं झालं तरी निम्म्या हरकती मुदतीत येतील.

गड्ड्यातला

एक विचारू का? आमचं घर जुन्या पेठेत आहे, आजोबांच्या नावावर. रस्ता रुंद होणार असं वीस वर्षं ऐकतोय. माझा नंबर मला कुठं मिळेल? घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर चालतो का?

लाईन-लेव्हल

नाही, तो मिळकतकराचा नंबर. पेठेत असाल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, तीवर सिटी सर्व्हे नंबर असतो. तो घेऊन नगररचनेत भाग नकाशा मागा. रस्त्याची रेघ घराच्या कुठल्या बाजूनं जाते ते आधी बघा आणि पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद लगेच लावून घ्या. हरकत घ्यायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच विचारतात.