हॅना, ॲना आणि गळून पडलेला ‘ह’

भाचीने मुलीचं नाव हॅना ठेवलंय. आमच्या आईने लगेच ‘हिना म्हणजे मेंदीच ना?’ असं विचारून टाकलं. हॅना आणि ॲना ही एकाच नावाची रूपं की वेगळी नावं? मूळ अर्थ काय?

– मेंदीचा काही संबंध नाही, तो शब्द अरबी. हॅना हिब्रू. मूळ धातू ‘ह-न-न’, म्हणजे कृपा करणे. यातला ‘ह’ घशातून खरवडून येतो. आजच्या इस्रायलमध्ये तर ‘खना’ असंच ऐकू येतं (आपल्या पंजाबी खन्नांनी उगाच खूश होऊ नये). ग्रीकमध्ये या ‘ह’साठी अक्षरच नव्हतं, तिथून लॅटिनमध्ये पोचेपर्यंत नुसतं ‘आन्ना’ उरलं. ॲन, ॲना, रशियन आन्या ही सगळी त्याची पिल्लं. इंग्रजांकडे ‘ह’वालं रूप रुळलं ते सोळाव्या-सतराव्या शतकात, प्रोटेस्टंट लोक मुलांना जुन्या करारातली नावं ठेवू लागले तेव्हा. म्हणजे नाव एकच, फक्त घरात दोन वेगळ्या दारांनी आलेलं.

योहान (‘यहोवा कृपाळू आहे’) याच धातूचा, म्हणून जॉन आणि इवान हे हॅनाचे चुलतभाऊ. कार्थेजचा हॅनिबलसुद्धा: बाल देवाची कृपा. आपला अण्णा मात्र द्राविडी, त्याला यात ओढू नका.

– एक भर. इंग्रजी बायबलात शमुवेलाची आई हॅना आणि लूकच्या शुभवर्तमानातली म्हातारी संदेष्टी ॲना, अशी दोन नावं दिसतात. मराठी बायबलात दोघीही ‘हन्ना’. गळालेला ‘ह’ मराठीने परत बसवला म्हणायचा!

– अर्थापेक्षा मला गोष्ट जास्त चिवट वाटते. शमुवेलाची आई हन्ना निपुत्रिक. मंदिरात ती नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती, तर याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. पुढे येशूची आई मरिया, तिच्या आईचं नाव परंपरेने आन्ना सांगितलं. बायबलात ते कुठेच नाही, दुसऱ्या शतकातल्या एका बाहेरच्या ग्रंथात आहे. आणि तिचीही कथा तीच: मूल नाही, मग उतारवयात नवस फळतो. नावाबरोबर कथाही चालत आली.

ती थेट गोव्यापर्यंत. तिसवाडीत तळावलीला संत आनाचं सतराव्या शतकातलं चर्च आहे. २६ जुलैच्या सुमारास तिथे तवशांचं फेस्त, म्हणजे काकड्यांची जत्रा, भरतं. मूल हवं असलेली जोडपी काकडी वाहतात, लग्नाळू मुलगे चमचा. चमचा का? सगळा खेळ पोर्तुगीज यमकाचा आहे: काकडी म्हणजे ‘पेपिनू’, बाळ म्हणजे ‘मेनिनू’, चमचा ‘कुल्येर’, बायको ‘मुल्येर’.

– धन्यवाद! आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘तवसं वाहतात? मग आपलंच आहे नाव.’