मदत हवी आहे : सड्याच्या कड्यावर किती वाऱ्यापर्यंत ड्रोन उडवावा?

गोव्यातील काणकोणजवळ समुद्रालगतच्या सड्यावरून (खडकाळ पठारावरून) किनाऱ्याचे चित्रण करण्यासाठी मी २४९ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा डीजेआय मिनी ३ हा ड्रोन वापरतो. हौशी वापर असून, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर ही जागा हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात असल्याची खात्री केली आहे. त्यामुळे प्रश्न परवानगीचा नाही, वाऱ्याचा आहे.

उत्पादकाने वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर दिली आहे. परंतु हवामानाच्या अंदाजातील वेग सहसा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो, आणि कड्यावर आदळून वर चढणारा वारा काठाच्या मागे भोवरे निर्माण करतो, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबावेसे वाटत नाही. हातातल्या वेगमापकाने काठावर मोजले असता दुपारी खाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी २२ ते २५ किलोमीटर आणि झोत (क्षणिक जोरदार वारा) ३४ पर्यंत आढळला. त्या दिवशी ड्रोन ३० मीटरवर स्थिर राहिला. ६० मीटरवर मात्र वाऱ्याचा इशारा आला आणि परतताना नॉर्मल मोडमध्ये तो जेमतेम पुढे सरकत होता. अधिक वेगाचा स्पोर्ट मोड लावून उतरवला, तेव्हा बॅटरी २८ टक्के उरली होती.

सकाळी वारा मंद असतो हे ठाऊक आहे, पण मला हवा असलेला प्रकाश सायंकाळीच मिळतो, आणि जड ड्रोन घेणे सध्या शक्य नाही. अशा कड्यावर उड्डाण रद्द करण्याचा निर्णय आपण सरासरी वेगावरून घेता की झोतावरून, आणि कोणत्या आकड्याला?