कोड पुसला, इंजिनचा दिवा गेला. पण दुरुस्ती खरोखर झाली का, हे कसे तपासावे?

नाशिककर

नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी बीएस-६ हॅचबॅक आहे. गेल्या महिन्यात इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी ओढीला ठीक होती, मात्र सिग्नलला उभी असताना आरपीएमचा काटा किंचित वरखाली होत असे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०१७१ हा कोड निघाला, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, असे मला सांगण्यात आले. तेथे पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला आणि ‘दिवा गेला, काम झाले’ असे सांगून गाडी परत दिली. त्यानंतर दिवा लागलेला नाही आणि पीयूसीही मिळाली. तरीही आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ती हलकी थरथर मला अजून जाणवते. पुढच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन कसारा घाट उतरून कोकणात जायचे आहे. माझ्याकडे ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा) आणि मोबाइलवर ॲप आहे. एवढ्या साधनांवर दुरुस्तीची खात्री करता येईल का, आणि करायची झाल्यास नेमके काय पाहावे?

इंधन_आणि_हवा

खात्री निश्चित करता येईल, पण दिव्यावरून नाही. पी०१७१सारखा इंधनपुरवठ्याचा कोड सहसा लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्ये दोष दिसल्यावरच दिवा लावतो. शिवाय कोड पुसताना ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने) तोवर शिकलेले इंधन-दुरुस्तीचे आकडेही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतात आणि ते पुन्हा वाढायला वेळ लागतो. त्यामुळे कोड पुसल्यानंतरचे काही दिवस दोष असलेली गाडीही निर्दोष दिसते.

ॲपमध्ये सर्वप्रथम ‘रेडिनेस’ किंवा ‘मॉनिटर’ हे पान उघडावे. कोड पुसल्याबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ अशा दिसू लागतात. थंड इंजिनापासून सुरुवात, काही काळ आयडलिंग, मग एकसारख्या वेगाने सलग चालवणे, असे सगळे प्रसंग गाडीला मिळाले की त्या एकेक करून पूर्ण होतात. शहरातल्या तुटक फेऱ्यांमध्ये काही चाचण्या अनेक दिवस अपूर्णच राहतात. चाचणीच झालेली नसेल, तर दिवा न लागण्याला काहीही अर्थ उरत नाही. त्यानंतर ‘पेंडिंग’ कोडची यादी पाहावी. दिवा लागण्याआधीची पहिली नोंद तेथे होते.

पीयूसीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक वाटते. मिश्रण पातळ होऊ लागले, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडू लागले, की ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून ते भरून काढतो, आणि ही भरपाई मर्यादेत असेपर्यंत सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर नियमात बसतो. पीयूसीचे यंत्र तो धूर मोजते, ईसीयूला किती भरपाई करावी लागते आहे ते मोजत नाही.

गॅरेजवाला_सांगली

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, पण माझ्या मते या प्रकरणाचा निकाल रेडिनेसपेक्षा फ्युएल ट्रिमवर, म्हणजे वर म्हटलेल्या इंधन-दुरुस्तीच्या आकड्यांवर, लागेल. ॲपमध्ये अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे ट्रिमचे दोन आकडे टक्क्यांत दिसतात. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतो आहे, उणे म्हणजे कमी करतो आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर या दोन्हींची बेरीज पाहावी. ती साधारण उणे १० ते अधिक १० यांच्या आत असली तर चिंता नसावी. एसी बंद ठेवून आधी आयडलिंगला आणि मग २५०० आरपीएमला स्थिर धरून आकडे लिहून घ्यावेत.

पी०१७१ हा कोड ‘मिश्रण पातळ आहे’ एवढेच सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. पातळ मिश्रणाची बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून पुष्कळदा बदलला जातो तोच. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा खरे बोलत असतो. आपल्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे का, तेही कृपया कळवावे. केवळ मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणाऱ्या गाड्यांत हवागळतीची लक्षणे निराळी दिसतात, आणि मग मी पुढे काही सांगणे चुकीचे ठरेल.

नाशिककर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गाडीत मास एअरफ्लो सेन्सर आहे. आज सकाळी इंजिन पूर्ण गरम करून आकडे घेतले. आयडलिंगला अल्पकालीन अधिक ६ आणि दीर्घकालीन अधिक १२; २५०० आरपीएमला अधिक १ आणि अधिक ३. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी अजून अपूर्ण आहे. पेंडिंगमध्ये पी०१७१ पुन्हा आलेला आहे.

गॅरेजवाला_सांगली

मग चित्र बरेच स्पष्ट आहे. आयडलिंगला बेरीज १८ आणि २५०० आरपीएमला ४, हा फरक न मोजलेली हवा आत शिरत असल्याकडे बोट दाखवतो. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेते आणि थ्रॉटल जवळपास बंद असल्याने मॅनिफोल्डमधली ओढ तीव्र असते, त्यामुळे छोट्या फटीतून येणारी हवाही प्रमाणाने मोठी ठरते. आरपीएम वाढला की तीच गळती एकूण हवेत नगण्य होते. पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर उलट भार वाढल्यावर आकडे चढले असते.

पीसीव्हीचा (इंजिनातील तेलकट वाफा मॅनिफोल्डकडे परत नेणाऱ्या झडपेचा) रबरी पाइप आधी पाहावा. तो वरून धडधाकट दिसतो. क्लॅम्प सरकवून टोक बोटाने वाकवले की क्लॅम्पखालची चीर उघडते, आणि आतून रबर तेलाने फुगून मऊ पडलेले असते. तेथे काही न सापडल्यास मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरचा (मॅनिफोल्डमधल्या ओढीच्या बळावर ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा) पाइप तपासावा. उत्तम म्हणजे स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी, करून घ्यावी. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. आग लागण्याचा धोका असल्याने ती कोणीही घरी करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

घाट उतरायचा आहे, म्हणून ब्रेक बूस्टर आजच पाहावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय पेडलवर दाबून ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. ते कडकच राहिले, तर गाडी घाटात नेऊ नये.

नाशिककर

ब्रेकचे पेडल सांगितल्याप्रमाणे खाली गेले. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट केली. पीसीव्हीच्या पाइपातून, मॅनिफोल्डकडच्या टोकाला, क्लॅम्पखालून धूर निघाला. पाइप आणि क्लॅम्प नवीन टाकले. कोड अजून पुसलेला नाही. आता आयडलिंगला दीर्घकालीन आकडा अधिक ११ आणि अल्पकालीन उणे ९ दिसतो. हे बरोबर आहे का?

इंधन_आणि_हवा

बरोबर आहे, आणि कोड लगेच पुसला नाही हे फार चांगले झाले. दीर्घकालीन आकडा अजून जुन्या गळतीची भरपाई करतो आहे आणि अल्पकालीन आकडा ती जादा भरपाई मागे घेतो आहे. बेरीज २ आहे. गाडी चालत जाईल तसा दीर्घकालीन आकडा स्वतःहून उतरेल. कोड पुसला असता, तर हे उतरणे डोळ्यांसमोर दिसले नसते.

‘फ्रीझ फ्रेम’ शिल्लक असल्यास उघडून तिच्यातील आरपीएम, इंजिनवरील भार आणि कूलंटचे तापमान लिहून घ्यावे. दोष नोंदला गेला तेव्हाची ती स्थिती आहे, आणि पडताळणीची फेरी त्याच स्थितीत व्हायला हवी. अमेरिकेच्या ओबीडी नियमांत इंधनपुरवठ्याचा दोष गेला असे मानण्यासाठी आरपीएम मूळ नोंदीच्या ३७५च्या आत आणि भार २० टक्क्यांच्या आत असावा, तसेच इंजिन तेव्हासारखेच थंड किंवा गरम असावे, अशी अट आहे. आपणही तोच निकष वापरायला हरकत नाही. आपला दोष आयडलिंगचा असल्यामुळे केवळ महामार्गावर शंभर किलोमीटर चालवून काहीही सिद्ध होणार नाही. थंड इंजिनापासून सुरू करून शहरातल्या सिग्नलांवर थांबत एक फेरी करावी आणि थरथर आहे का तेही पाहावे.

गॅरेजवाला_सांगली

एक भर घालतो. जॉब कार्डवर दुरुस्तीपूर्वीचा कोड, दोन्ही वेळचे ट्रिम आणि टाकलेल्या पाइपाचा पार्ट नंबर लिहून घ्यावा, आणि काढलेला पाइप मागून घ्यावा. पहिल्या गॅरेजकडे सेन्सरच्या खर्चाबद्दल बोलायचे ठरवलेत, तर हेच कागद उपयोगी पडतील. निघण्याच्या आदल्या दिवशी पेंडिंगची यादी पुन्हा एकदा उघडावी. दोन सिग्नल-फेऱ्यांनंतरही ती रिकामी असेल आणि आयडलिंगची बेरीज १०च्या आत असेल, तर निश्चिंतपणे निघावे.