सेफगार्डिंग लिंक गव्हर्नर झाले, आता नक्की बघायचं काय?

रानजाई
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडमध्ये राहते, मुलांच्या प्रायमरी शाळेत पेरेंट गव्हर्नर आहे, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळातली (गव्हर्निंग बॉडी) पालक सदस्य. सेफगार्डिंगकडे, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे, मंडळाच्या वतीने लक्ष ठेवणाऱ्या आधीच्या लिंक गव्हर्नरची मुदत संपली आणि ते काम माझ्याकडे आलं. ट्रेनिंग झालंय, 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' हे सरकारी मार्गदर्शन पण वाचून काढलंय, तरी प्रत्यक्षात करायचं काय ते कळत नाहीये. दर टर्मला (शाळेच्या सत्राला) हेडच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, रिपोर्टमध्ये सेफगार्डिंगखाली एकच ओळ असते, चिंतेचं काही नाही, सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय सुरू. मला हे खटकतं पण विचारू काय? केसेसच्या फायली बघायला मागायच्या का?

आणि दुसरं म्हणजे काल शाळेच्या गेटवर एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं की एक टीचिंग असिस्टंट मुलांवर फार खेकसतो आणि तिच्या मुलाला दंडाला धरून ओढलं असं तो मुलगा म्हणतोय. वर म्हणाली कुठे बोलू नका, फक्त तुमच्या कानावर घातलं. मी आधी त्या असिस्टंटशी नीट बोलून बघू का, उगाच कोणाच्या नोकरीवर यायला नको.

जुना_खडू
ताई, दुसऱ्याचं आधी, कारण ते थांबू शकत नाही. आजच हेडना सांगा. असिस्टंटशी बोलू नका, मुलाला विचारू नका, आणखी कुठल्या पालकांकडे चौकशी करू नका. आपण गव्हर्नर आहोत, तपास आपला नाही, आणि आपण मध्ये पडून चार प्रश्न विचारले की पुढे खरा तपास करणाऱ्यांना अडचण होते. त्या आईने जे शब्द वापरले ते तारीख वेळ घालून लिहून ठेवा, स्वतःचं मत त्यात मिसळू नका. आणि तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगा की हे मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही.

स्टाफवरची तक्रार हेडकडे जाते, आणि खुद्द हेडबद्दल असेल तर चेअर ऑफ गव्हर्नर्सकडे. मुलाला इजा झाली असेल किंवा होऊ शकेल असं दिसलं तर हेड लोकल ऑथॉरिटीच्या डेझिग्नेटेड ऑफिसरशी, ज्यांना सगळे लाडो म्हणतात, त्यांच्याशी बोलतात. तितकं गंभीर नसलं तरी लो-लेव्हल कन्सर्न म्हणून नोंद व्हायलाच हवी, कारण वेगवेगळ्या लोकांनी वर्षभरात सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी एका जागी लिहिलेल्या असल्या तरच त्यातला पॅटर्न दिसतो. नोकरीची काळजी तुम्ही करताय ते माणुसकीचं आहे पण तो विचार त्या प्रक्रियेत होतोच, खोटं असेल तर तेही तिथेच कळतं.

पानगळ
वरच्याशी पूर्ण सहमत. आता रिपोर्टबद्दल. फायली अजिबात मागू नका, मुलांची नावं आपल्याला कळायची गरज नाही आणि कळूही नयेत. पण आकडे मागा की! किती कन्सर्न नोंदवले गेले, सोशल केअरकडे (कौन्सिलच्या बालकल्याण विभागाकडे) किती रेफरल गेले आणि त्यांच्याकडून उत्तर काय आलं, नाही आलं तर शाळेने पाठपुरावा केला का, किती मुलं वारंवार गैरहजर आहेत. इतक्या मुलांच्या शाळेत पूर्ण टर्ममध्ये काहीच नाही असं कोणी म्हणत असेल तर मला आधी शंका येते की स्टाफ नोंदवत नाहीये.

मग डीएसएलला, म्हणजे डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडला, भेटा. त्यांना या कामासाठी खरंच वेळ मिळतो का हे विचारा, बऱ्याच प्रायमरीत हेडच डीएसएल असतात आणि ते रजेवर गेले की डेप्युटीला किती माहीत असतं हा मोठाच प्रश्न. डीएसएलचं ट्रेनिंग दर 2 वर्षांनी व्हायला हवं ती तारीख बघा. इंटरनेटचं फिल्टरिंग आणि मॉनिटरिंग वर्षातून एकदा तरी तपासायचं असतं, ते कोणी केलं ते विचारा. सिंगल सेंट्रल रेकॉर्ड, म्हणजे स्टाफला घेताना केलेल्या तपासण्यांची नोंद, नीट ठेवलंय का याचीही खात्री करा. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या सोहम गावात 2 मुलींचा खून झाला, तो करणारा तिथल्याच सेकंडरी शाळेचा केअरटेकर होता आणि त्याच्यावरचे आधीचे आरोप नोकरी देताना शाळेपर्यंत पोचलेच नव्हते. आजचे डीबीएस चेक, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, बऱ्याच अंशी त्यातून आलेत, म्हणून ही नुसती कारकुनी समजू नका.

उंबरठा
थोडं वेगळं मत मांडतो. रेकॉर्ड महत्त्वाचं आहेच पण गव्हर्नर लोक त्यातच अडकतात कारण ते तपासायला सोपं. सगळे रकाने भरलेले आणि मुलांना मात्र सांगायची भीती, अशी शाळा असू शकते. व्हिजिटला गेलात की मुलांशी बोला, त्रास झाला तर कोणाला सांगशील एवढंच विचारा. डिनर लेडीला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मुलांकडे बघणाऱ्या बाईंना, विचारा की शंका आली तर काय करता, तिने डीएसएलचं नाव पटकन घेतलं तर बरंच काही ठीक चाललंय असं समजा. आणि एक, तुम्ही लिंक गव्हर्नर असलात तरी कायद्याने जबाबदारी पूर्ण गव्हर्निंग बॉडीची आहे, मेंटेन्ड, म्हणजे लोकल ऑथॉरिटीच्या अखत्यारीतली, शाळा असेल तर 2002 च्या एज्युकेशन ॲक्टचं 175 वं कलम बघा. त्यामुळे बाकीचे माना डोलावून सुटू शकत नाहीत, तुमचे प्रश्न मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी हेडना सांगितलं, लेखीही दिलं. त्या आईलाही फोन केला, आधी चिडली, मग म्हणाली बरं झालं. आता पुढे काय झालं हे हेड मला कळवतील ना?

जुना_खडू
तक्रार मिळाली आणि पॉलिसीप्रमाणे हाताळतोय एवढंच सांगतील, बाकी तपशील नाही, आणि तुम्हीही खोदून विचारू नका. प्रकरण शिस्तभंगापर्यंत गेलं तर ऐकायला किंवा अपीलला गव्हर्नरांचं पॅनेल बसू शकतं आणि त्यात आधी काही न ऐकलेली माणसं लागतात. तुम्ही ऐकलंय, म्हणजे तुम्हाला त्यावर बसता येणार नाही, ते चेअरना आत्ताच कळवून ठेवा. तपशील न सांगता.