पिल्लाचा विमा कसा निवडलात? अनुभव लिहा

नुकतंच आमच्याकडे आठ आठवड्यांचं बीगलचं पिल्लू आलं. तिसऱ्याच दिवशी त्याने बुटाची नाडी अर्धी गिळली होती. तोंडात बोट घालून ती बाहेर ओढली तेव्हा माझे हात थरथरत होते. त्याच रात्री विम्याची माहितीपत्रकं घेऊन बसले. एवढं कळलं की काही पॉलिसी फक्त अपघाताच्या असतात, काहींत आजारही येतात आणि काहींत जास्त हप्ता भरून लसी-तपासण्यांचा खर्च जोडता येतो. त्यापुढचं वाचताना मात्र डोकं गरगरलं. ज्यांनी विमा घेतलाय, किंवा विचार करून घेतला नाही, त्यांनी आपल्या बाबतीत काय घडलं ते कृपया सविस्तर लिहा.

—

ताई, आधी अभिनंदन! आणि एक कळकळीची विनंती, 'पुढच्या महिन्यात घेऊ' असं म्हणू नका. आम्ही तेच म्हणत चार महिने घालवले. त्या काळात आमचा लॅब्रॅडॉर एकदा जिना उतरताना लंगडला. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिला, 'धावपळ कमी करा' म्हणाले. दोन दिवसांत स्वारी पुन्हा उड्या मारायला लागली, औषधसुद्धा लागलं नाही. मग आम्ही पॉलिसी घेतली.

दीड वर्षाचा असताना तो बसल्यावर उठायला वेळ लावू लागला. ससा उडी मारतो तसे मागचे दोन्ही पाय एकदम टाकत धावायचा. एक्स-रेमध्ये हिप डिस्प्लेसिया निघाला, म्हणजे खुब्याचा गोळा खोबणीत नीट बसत नव्हता. क्लेम केला तेव्हा कंपनीने पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी मागवल्या. त्यात एक ओळ होती: 'उजवा मागचा पाय किंचित लंगडतो.' तेवढ्यावर क्लेम नाकारला. आम्ही परोपरीने सांगितलं की तेव्हा कुठलंही निदान झालेलं नव्हतं. पण पॉलिसीत 'आधीपासूनचा आजार' याची व्याख्या निदानावर नव्हती, लक्षणावर होती. लक्षण नोंदीत आलं की तो आजार आधीचाच धरला जातो. ही व्याख्या मी सही करण्याआधी वाचली नव्हती, याचं आजही फार वाईट वाटतं. जातिवंत मोठं पिल्लू असेल तर आनुवंशिक आजार आत आहेत की नाहीत, हेही आधीच लेखी विचारून घ्या.

—

वरच्या अनुभवाला जोडून: गुडघ्याचं लिगामेंट एका पायाचं तुटलेलं असेल तर दुसऱ्या पायाचंही 'आधीचंच' धरायचं, असं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. हे शोधून वाचाच.

—

आमचा अनुभव चांगला आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या कुत्रीने सहाव्या महिन्यात मोजा गिळला. सकाळपासून उलट्या, पाणीही पोटात ठरेना, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभी. एक्स-रेत कापड दिसत नाही, फक्त वायूने फुगलेलं आतडं दिसलं. सोनोग्राफीत अडथळा पक्का झाला. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये तो मोजा दाखवला तेव्हा मी रडलो.

पैसे आधी आम्हालाच भरावे लागले. सगळी बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांची सही असलेला फॉर्म दिल्यावर परत मिळाले. तेही पूर्ण नाहीत. आधी डिडक्टिबल, म्हणजे आपण सोसायची ठरलेली रक्कम वजा झाली, मग उरलेल्यातला २० टक्के वाटा को-पे म्हणून आमचा. डिडक्टिबल वर्षातून एकदाच कापतात की दर आजाराला वेगळं, हे नक्की विचारा. पिल्लू वर्षात तीनदा आजारी पडलं तर दुसऱ्या प्रकारात हातात फारसं काही येत नाही. आणि विमा असला तरी पहिलं बिल भरण्याएवढी रक्कम हाताशी लागतेच.

—

आमचं पिल्लू पॉलिसी घेतल्यापासून नवव्या दिवशी पार्व्होने, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूने, आजारी पडलं. आजारांसाठी वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचा क्लेम न मिळण्याचा काळ, १४ दिवसांचा होता, त्यामुळे एक पैसाही मिळाला नाही. पाच दिवस सलाइनवर होतं, वाचलं. अपघाताचा वेटिंग पिरियड बहुधा कमी असतो, सांध्यांच्या आजारांचा बराच लांब असू शकतो. एकच आकडा धरून चालू नका. आणखी एक, लसीची तारीख चुकली तर ज्या आजाराची लस आहे त्याचा क्लेम नाकारला जातो. लसीचं कार्ड जपून ठेवा.

—

मी विमा घेतला नाही. दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते. कुत्रा देशी आहे, पाच वर्षांत सर्दी-खरूज सोडून काही झालं नाही. पण खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी त्या खात्यात काहीच साठलेलं नसतं, आणि पिल्लू सगळ्यात जास्त उपद्व्याप करतं ते त्याच वर्षी. वरचा मोज्याचा अनुभव आमच्याकडे घडला असता तर मला कर्ज काढावं लागलं असतं.

—

आमच्या फ्रेंच बुलडॉगला त्वचेची ॲलर्जी आहे. पहिली पॉलिसी स्वस्त होती, म्हणून घेतली. त्यात एका आजाराचा खर्च १२ महिनेच मिळायचा. ॲलर्जी तर जन्मभराची! तेराव्या महिन्यापासून सगळा भार आमच्यावर. कंपनी बदलायला गेलो तर नवीन ठिकाणी ती आधीचा आजार ठरली. दरवर्षी नूतनीकरण केल्यावर जुन्या आजारांची मर्यादा पुन्हा नव्याने सुरू होते का, हा प्रश्न पिल्लू निरोगी असतानाच विचारायला हवा. हप्ता वयाबरोबर वाढतो हेही धरून चाला.

—

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात संपूर्ण तपासणी करून घ्या आणि नोंदींची प्रत मागा. बेंबीचा हर्निया, न उतरलेलं वृषण, हृदयातला बारीकसा आवाज हे तेव्हाच सापडतं. सापडलं तर लपवू नका, कारण लपवलेलं बाहेर आलं तर इतर क्लेमही अडतात. दातांचं कलमही बघा. दुधाचे सुळे पडले नाहीत तर ते काढावे लागतात, आणि पुष्कळ पॉलिसींत दात तुटला तरच खर्च मिळतो.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅब्रॅडॉरचा अनुभव घरात मोठ्याने वाचून दाखवला. काल तपासणी करून घेतली. नोंदीत 'हृदय, डोळे, सांधे नॉर्मल' असं लिहिलं आहे, प्रत घेतली. सगळ्यात स्वस्त पॉलिसी बाजूला ठेवली. उरलेल्या तीनपैकी दोन कंपन्यांना आनुवंशिक आजार, लिगामेंटचं दुसऱ्या पायाबद्दलचं कलम आणि नूतनीकरणाबद्दल लेखी विचारलं आहे. तिसरी फोनवर सगळ्याला 'हो' म्हणते, पण लिहून देत नाही, म्हणून तिचा विचार सोडला. पहिलं लेखी उत्तर आज आलं. आता ते घेऊन बसते आहे, पिल्लू पायाशी झोपलं आहे.