सोळा फुटी टेबल एकसंध नको

दादा, शाहू स्मारकच्या प्रदर्शनात मॉडेल रेल्वे मांडायला सोळा फुटी टेबल एकसंधच करायचं, सांधे नकोत, असं तुम्ही म्हणताय. माझं मत उलट आहे. चार-चार फुटांचे चार भाग करा. एवढं लांब टेबल टेम्पोत चढवतानाच पिळवटतं आणि रूळ उचकटतात.

सांध्याला घाबरू नका, तिथेच वेळ घाला. दोन्ही फळ्यांच्या कडेला पितळी स्क्रू पिळायचे, फळ्या बोल्टने घट्ट जोडायच्या, रूळ स्क्रूंच्या डोक्यावर सोल्डर करायचा आणि मगच सांध्यावर बारीक करवतीने कापायचा. मग टोकं समोरासमोरच येतात. फळ्या जुळवायच्या खुंट्या धातूच्या घ्या, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. म्हणूनच प्लाय मरीन हवा आणि खालची बाजूही सीलरने रंगवा, ती हमखास राहून जाते.

वीज नुसत्या रूळ जोडणाऱ्या धातूच्या जोडपट्ट्यांच्या भरवशावर सोडू नका. खालून जाड तारांची जोडी फिरवा, प्रत्येक बाजूच्या रुळाला आपापल्या तारेवरून बारीक तार द्या. रुळांच्या सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर अजिबात नको, चरे पडतात आणि त्यात घाण बसते.

आणि हो, १८९१ची मिरज-कोल्हापूर लाइन मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मॉडेलच्या १:८७ प्रमाणाला (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला) ते अंतर साडेअकरा मिलिमीटर येतं, म्हणजे १२ मिलिमीटरचा तयार ट्रॅक जवळजवळ अचूक बसतो. ब्रॉडगेजला १९.३ लागतात, मिळतात १६.५. जुना काळ दाखवायचा विचार खरंच करा.